रिकामा खिळा

धारूर हे ऐतिहासिक शहर आहे ही बातमी मला आमच्या संपादकांनी दिली. मी म्हणालो, ज्या गावात दोनशे वर्षांत काही घडलेलं नाही त्याला ऐतिहासिक म्हणतात, तेवढंच असेल तर आहे. ते हसले नाहीत. वय बत्तीस. नव्या संपादकांना हसायला वरून परवानगी लागत असावी.

ही गोष्ट सत्त्याण्णवच्या दिवाळीआधीची. तीस वर्षं मी बीडमध्ये बसून एका दैनिकात ‘फिरकी’ नावाचं सदर लिहिलं. पुढाऱ्यांपासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळ्यांची टर उडवली. कुणीच सुधारलं नाही, तेव्हा मी निवृत्त झालो. मग पेपरनं रविवारची रंगीत पुरवणी काढली आणि रंग भरायला माणसं कमी पडायला लागली.

“आण्णा, टोमणे नकोत,” संपादक म्हणाले. “लोक आता गाड्या घ्यायलेत, त्यांना फिरायचंय. ‘एका दिवसात धारूर’. खाणं, कला, जुन्या गल्ल्या. शेवटी एक चौकट द्या. कसे जाल, काय खाल.”

तर मी सकाळच्या एसटीनं गेलो. घाटात दोन्ही अंगांना सीताफळाची झाडी, आणि झाडीतून मध्येच डोकावणाऱ्या, दगडांवर रंगवलेल्या सिमेंटच्या जाहिराती. स्टँडवर रुद्रेश उभा होता. त्याचं तिथं एसटीडीचं पिवळं खोकं आहे. रुद्रेश माझा जुना वाचक. सदर बंद झालं तेव्हा त्यानं निषेधाचं पत्र पाठवलं होतं. निषेध करणारा तो एकटाच, म्हणून लक्षात राहिला.

“शरणार्थ, आण्णा,” तो हात जोडून म्हणाला. “तुमचा फोन आलता तवाच मी काकूला म्हणलो, आपलं काम झालं. आमाला एक परका माणूस पाहिजेच होता.”

“कशाला?”

“आदी घरी चला. चहा घ्या.”

मराठवाड्यात अवघड गोष्ट सांगायची हीच रीत आहे. चहा जितका गोड, तितकी गोष्ट अवघड. त्याच्या घरचा चहा पाकासारखा होता.

घर स्टँडमागच्या पेठेत, सिमेंटचं, साधं. समोरच्या भिंतीवर घरातल्या गेलेल्या माणसांच्या सात तसबिरी ओळीनं लावलेल्या, प्रत्येकीच्या काचेवर विभूतीची तीन बोटं. चौथ्या आणि पाचव्या तसबिरीच्या मधे एक खिळा होता. त्यावर काही नव्हतं. खिळा जुना होता, पण त्यावर गंज नव्हता. कुणीतरी तो पुसत असावं.

पुसणारी बाई त्या खिळ्याखालीच बसली होती. नीलाबाई, रुद्रेशची थोरली चुलती. सत्तरीच्या. एका डोळ्यात फूल पडलेलं, दुसऱ्यावर मोतीबिंदूची साय. त्या डोळ्याचं सोमवारी अंबाजोगाईला ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दिसेल, नाहीतर आहे तेवढंही जाईल.

“भाऊ आले का?” त्या म्हणाल्या. “बसा. तुमी आमच्या यांना कधी पाहिलं न्हाई ना?”

“कुणाला?”

“न्हाई पाहिलं,” रुद्रेश घाईनं म्हणाला. “कसं बघतील? बीडचे हायेत.”

मग मला सांगण्यात आलं ते असं. नीलाबाईंचे यजमान सिद्धलिंग निजामाच्या राजवटीत, पटकीच्या साथीत गेले. वय चोवीस. नीलाबाई तेव्हा माहेरी, गेवराईला होत्या. निरोप पोचून त्या येईपर्यंत घरच्यांनी लिंगायत रीतीप्रमाणे देह बसवून शेतात माती दिली होती. बसवलेल्या देहाचं तोंडही त्यांना बघायला मिळालं नाही. मूलबाळ नाही. फोटो नाही. तेव्हा फोटो काढायला बीडला जावं लागे, आणि चोवीस वर्षांचा माणूस कशाला जाईल?

“फुडं साठ साली आमी कसब्यातलं घर सोडून हितं आलो,” नीलाबाई म्हणाल्या. “नव्या घरात चूल पेटायच्या आदी तसबिरी आणायची रीत हाय आमची. म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाट दाखवीत आणायचं. सासऱ्यांची आणली, आज्जेसासूची आणली. यांची तसबीरच न्हाई. मग काय आणू? हे तिथंच राहिले.”

त्यांनी हे असं सांगितलं, जसं एखादा डबा मागच्या घरी विसरला. मी चहा संपवला. हसू आलं नाही, हे मला थोडं विचित्र वाटलं.

तेवढ्यात धुळाजी पेंटर आला. काखेत धोतराच्या फडक्यात बांधलेला हार्डबोर्ड, खिशात चार ब्रश, बोटांना थंड पेयाच्या जाहिरातीचा लाल रंग. धारूरची कला ती हीच, असं मी मनातल्या मनात चौकटीत लिहिलं. गावातल्या दुकानांच्या पाट्या, भिंतींवरच्या बाटल्या आणि मोटारसायकली सगळ्या धुळाजीच्या हातच्या. पण त्याच्या बापापासून चालत आलेलं एक काम तो गुपचूप करी. ज्यांचा फोटो नाही त्या मेलेल्या माणसांचे चेहरे.

“घरच्यांकडून उचलतो आपण,” त्यानं फडकं सोडता सोडता सांगितलं. “कपाळ ह्या रुद्रेशचं. कान त्याच्या बापाच्या फोटोतले. नाक रुद्रेशच्या पोरीचं, स्वप्नालीचं.”

“ती चौथीत आहे ना?”

“नाकाला वय नसतंय, आण्णा.”

चित्र छान होतं. तरणाताठा माणूस, पांढरी टोपी, बटबटीत पण प्रामाणिक डोळे. सात तसबिरींतल्या कुणाहीपेक्षा जिवंत.

“आता हे फिरवायचं,” धुळाजी म्हणाला. “ज्यांनी ज्यांनी त्यास्नी पाहिलंय त्यांच्यापुढं धरायचं. ते सांगतील ते बदलायचं. वाद घालायचा न्हाई. शेवटी घरी आणायचं अन परक्याला दाखवायचं. त्यानं नीट बघून म्हणायचं, ‘हा दिसला तर मी ओळखीन.’ मग मी ब्रश धुतो अन रुद्रेश खिळ्याला लावतो.”

“परकाच का?”

“वळखीचा माणूस चित्र बघतच न्हाई. त्याला जे बघायचं तेच बघतो.”

तीस वर्षं मी वाचकांविषयी हेच म्हणत आलो होतो. मी तयार झालो. शिवाय मला गल्ल्या बघायच्याच होत्या.

नीलाबाईही आमच्याबरोबर निघाल्या. पहिला मुक्काम बंकटचं हॉटेल. वेशीच्या आत, लाकडी बाकं, काळीठिक्कर कढई. इथला सुशीला खावा. म्हणजे मुरमुरे भिजवून, फोडणीला टाकून, वर दाण्याचं कूट. ज्यांना पोहे परवडतात ते पोहे खातात आणि पस्तावतात. बंकट साठी ओलांडलेला, उघड्या अंगाचा. पटकीच्या साथीच्या वेळी तो दहा-बारा वर्षांचा होता. तेव्हा गल्ला बापाचा होता आणि सिद्धलिंग रोज सकाळी इथं चहाला यायचा.

“काय बे धुळ्या, माझी पाटी कवा रंगवणार? ‘हॉटेल’मधला ‘ट’ गेला की.”

“तुझ्या चहाला ‘ट’ नसला तरी चालतंय. हे बघ.”

बंकटनं हात पुसले आणि चित्र उजेडात धरलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, “झकास. पर गाल लई भरलेत. एवढे न्हाईत. बसलेत.” बोटानं त्यानं स्वतःचेच गाल आत दाबून दाखवले. “अन ह्या हितं, कानापाशी, पांढरं हाय थोडं.”

“चोवीस वर्षांच्या माणसाला?” मी विचारलं.

बंकटनं माझ्याकडं पाहिलं, चित्राकडं पाहिलं. “व्हय की,” तो म्हणाला. “तवा कसं आसंल. पर मला तसंच आठवतंय बगा.”

धुळाजीनं वाद घातला नाही. तिथंच बाकावर बसून त्यानं गाल आत घेतले आणि कानाशी पांढऱ्याचे चार फटकारे दिले. नीलाबाई चहाची बशी धरून ऐकत होत्या. मला त्यात काही गूढ वाटलं नाही. माणूस म्हातारा होतो तशा त्याच्या आठवणीही होतात. माझ्या आठवणीतल्या वर्गमैत्रिणींनाही आता चष्मा आहे.

बंकटनं सुशीलाच्या बशा मांडल्या. आम्ही चौघं होतो. बशा पाच होत्या.

“एक जास्त झाली,” रुद्रेश म्हणाला.

“सवयीनं,” बंकट पुटपुटला आणि पाचवी बशी उचलून आत गेला. कसली सवय, ते त्यानं सांगितलं नाही.

वेशीतून आम्ही कसब्यात उतरलो. वेशीच्या डाव्या खांबावर धुळाजीची लाल बाटली, उजव्यावर कुटुंब नियोजनाचा त्रिकोण, आणि दोन्हींच्या वर दगडात कोरलेलं एक कमळ, ज्याची जाहिरात कुणीच करत नव्हतं. गल्ल्या अरुंद, उताराच्या, दगडी पायऱ्यांच्या. घरांची दारं नक्षीची, आणि दारांआडून टीव्हीवरच्या बायकांचे हिंदीतले हुंदके. गच्च्यांवर डिशच्या छत्र्या. ऊन होतं तरी दगड गार होते. नीलाबाई माझ्या कोपराला धरून चालत होत्या. कुठल्या पायरीला खळगा आहे हे त्यांना न बघता माहीत होतं.

“हितं आमचं घर होतं,” एका ठिकाणी त्या थांबून म्हणाल्या. तिथं आता पिठाची गिरणी होती.

गिरणीच्या शेजारीच लतीफचाचाचं केशकर्तनालय. चाचा पंचाहत्तरीचे, सिद्धलिंगच्या बरोबरीचे, त्याचे सोबती. दुकान मुलगा चालवतो, पण चाचा रोज येऊन आरशासमोरच्या खुर्चीत बसतात आणि गिऱ्हाईक आलं की नाराज होऊन उठतात.

“भाभी, सलाम,” ते उठत म्हणाले. “बसा, बसा. सिद्धूची तस्वीर? दाखवा.”

चित्र त्यांनी मांडीवर घेतलं. हनुवटीवरून अंगठा फिरवला, वस्तरा फिरवल्यासारखा.

“हनुवटी बरोबर हाय. दाढी जराशी वाढलेली काढ, धुळाजी, पंधरा दिवसांची. अन हितं,” त्यांनी डाव्या भुवईवर नख ठेवलं, “हितं खूण राहिली. वेशीच्या पायरीवर पडला तवाची.”

“यांच्या भुवईला काही नव्हतं,” नीलाबाई हळूच म्हणाल्या.

“होतं भाभी. रगत मीच पुसलं. तुरटी लावली.”

“कवाची गोष्ट?” रुद्रेशनं विचारलं.

“झाली की,” चाचा सहज म्हणाले, “पंधरा-वीस साल.”

मुलगा एका गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा धरून थांबला होता. चाचांनी आमच्याकडं एकेक करून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“माझं काय धरता,” ते म्हणाले. “अक्कल म्हातारी झाली. तवाचं आत्ता, आत्ताचं तवा.”

पण निघताना त्यांनी मला मागं ओढलं. “तुमी कोन?”

“परका,” मी म्हणालो.

“मग बरं हाय. त्याला घरी घालवा, साहेब. मी लई डाव सांगितलं. मी सांगून जात न्हाई.”

आता मला वाटायला लागलं की यात कुणीतरी जिवंत म्हातारा आहे. चेहऱ्यात साम्य असलेला, घरदार नसलेला एखादा माणूस गावात फिरत असणार, आणि या म्हाताऱ्यांच्या डोक्यात दोघांची सरमिसळ झाली असणार. मी हे रुद्रेशला सांगितलं. तो म्हणाला, “आसंलच तसं.” मग म्हणाला, “आण्णा, मी हितं चाळीस वर्षं हाय. मला कावून दिसला न्हाई तो?”

धुळाजी पुढं चालत होता, चित्र उन्हात वाळवत. रुद्रेश त्याच्यासोबत गेला. नीलाबाई आणि मी मागं राहिलो. त्या एकदम थांबल्या.

“भाऊ, एक सांगते. कुणाला सांगू नका.”

“नाही सांगणार.” (ते आता सांगतो आहे. त्यांची परवानगी घेतली आहे.)

“सगळे म्हणतेत, भुवई अशी, गाल तसे. मला विचारलं तर काय सांगू? मला चेहरा आठवतच न्हाई.”

मी त्यांच्याकडं वळलो.

“चौदाची होते मी लग्नात. घरात सासू, सासरे, दोन दीर. वर बगायची सोय न्हवती. खाली बगायचं. मी पाय बगितलेत त्यांचे. पाऊल आठवतंय. डावं जरा घासायचे. पायरी चढताना आदी उजवं, मग डावं घासत. आवाज आठवतोय. दारातनं यायचे तवा मी आतूनच वळखायची. पर चेहरा...” त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “बावन्न वर्षं लोक मला त्यांची बायकू म्हणतेत, अन मला त्यांचं त्वांड ठाव न्हाई. सोमवारी डोळा गेला तर? एकदा तरी बगू द्या म्हणलं. मंग जाऊ दे.”

इतकी वर्षं मी लोकांना हसवलं. त्या गल्लीत ते कौशल्य उपयोगाचं नव्हतं. मी त्यांचा हात धरून चालू लागलो, इतकंच.

किल्ल्याच्या पायथ्याशी वत्सलाबाई सीताफळं विकायला बसते. डोंगरातली, डोळा फुटलेली, हाताला जरा दाबलं तर उमलणारी. चौकटीसाठी हे उत्तम होतं. आम्ही तिथं चित्र दाखवायला गेलो नव्हतो. वत्सलाबाई फार तर पस्तिशीची. सिद्धलिंग गेले तेव्हा तिची आईसुद्धा परकरात असेल. आम्ही खायला बसलो. धुळाजीनं चित्र बुरुजाच्या दगडाला टेकवून ठेवलं, आणि वत्सलाबाई फळं निवडता निवडता त्याकडं बघून म्हणाली, “ह्यास्नी कावून काढलं?”

रुद्रेशच्या हातातलं सीताफळ तसंच राहिलं.

“तुला माहीत हायेत?” धुळाजीनं विचारलं.

“नाव न्हाई ठाव. येतेत की हंगामात. मागल्या बाजारी आलते. लई गरीब माणूस बगा, कुणाशी बोलनं न्हाई. टोपी काढतेत, दोन सीताफळं घेतेत. एक हितं बसून खातेत. एक टोपीत ठिवतेत.”

“ते कुणाला?” हे नीलाबाईंनी विचारलं.

“घरी न्यायचं म्हणतेत. मंडळीला आवडतंय म्हणे.” वत्सलाबाई हसली. “पर नेत न्हाईत. लई येळ बसतेत. मंग म्हणतेत, घर हितंच होतं, गावना. अन ते दुसरं बी हितंच ठिवून जातेत.”

ऊन कलायला लागलं होतं. खंदकावरून वारा आला. नीलाबाईंच्या पुढ्यात त्यांचं सीताफळ उमललेलं पडलं होतं.

“आमी घर बदललं,” त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून, ते मला कळलं नाही. “साठ साली. सांगायचं राहिलं.”

वत्सलाबाईनं चित्रात काही सुधारणा सुचवली का? एकच. “थकलेत आता,” ती म्हणाली. “एवढं ताठ बसत न्हाईत.” धुळाजीनं खांदे उतरवले, डोळ्यांखाली सुरकुत्या घातल्या, टोपीखाली राहिलेला काळा सगळा पांढरा केला. एकही रेघ चुकली नाही. सकाळी चोवीस वर्षांचा निघालेला माणूस चार वाजेपर्यंत पंचाहत्तरीचा झाला. सात तसबिरींतल्या त्याच्या बापापेक्षा म्हातारा.

परतताना आम्ही गावातून सरळ आलो. चित्र पुढं, रुद्रेशच्या हातात, उघडं. गिरणीवरून, चाचांच्या दुकानावरून, वेशीतून, बंकटच्या हॉटेलवरून, पेठेत. वाट दाखवीत आणायची रीत. नीलाबाई प्रत्येक वळणाला हळूच म्हणत, “असं या. आता हिकडं.” मी त्यांना धरलं होतं आणि मी बरोबरच चाललो होतो, त्यामुळे ते मलाच म्हणतायत असं मी धरून चाललो.

मागं वळून मी एकदाही पाहिलं नाही. त्याची गरज नव्हती.

घराचं दार पश्चिमेला. ऊन सरळ आत, तसबिरींच्या भिंतीपर्यंत पोचलेलं. नीलाबाई भिंतीकडं पाठ करून, दाराकडं तोंड करून बसल्या. मला त्यांच्यासमोर पाटावर बसवलं, माझी पाठ दाराला. धुळाजीनं चित्र माझ्यापुढं धरलं. रुद्रेश खिळ्यापाशी उभा.

मी नीट पाहिलं. कपाळ रुद्रेशचं. नाक चौथीतल्या पोरीचं. बाकीचं गावाचं. आणि सगळं मिळून कुणाचंच नाही असा एक माणूस, दमलेला, भला, घर शोधणारा.

“हा दिसला,” मी म्हणालो, “तर मी ओळखीन.”

धुळाजीनं ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला. रुद्रेशनं तसबीर लावली. खिळ्यानं ती सहज घेतली.

बाहेर स्टँडवर एसटीचा हॉर्न वाजला. मग तो थांबला.

नीलाबाईंनी पदर डोक्यावर घेतला.

नीट, दोन्ही हातांनी, कपाळापर्यंत. सत्तरीची बाई नाही, नवी सून घेते तसा. आणि मान खाली घातली.

मी ऐकलं. पायरीवर एक पाऊल. मग दुसरं, घासत.

रुद्रेश जमिनीकडं बघत होता. धुळाजी डब्याकडं.

“भाऊ,” नीलाबाई म्हणाल्या. आवाज अगदी लहान. “पाऊल त्यांचंच हाय. चेहरा मला दिसत न्हाई. तुमी वळखीन म्हणलात. वळून बगा अन सांगा. हेच का?”

मी वळलो.

दारभर ऊन होतं. डोळ्यांत घुसणारं, पिवळं, मावळतीचं ऊन. त्यात मला काही दिसलं नाही. काहीच नाही असं मी म्हणत नाही. दिसलं नाही, एवढंच म्हणतो.

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या थापांवर पोट भरलं. स्वतःची अशी एकही मारली नव्हती.

“हेच,” मी म्हणालो.

नीलाबाईंनी मान वर केली नाही. “आलात?” त्या म्हणाल्या. “पाय धुवा. पाणी दारातच हाय.”

मी माझ्या चपला घातल्या आणि साडेसहाच्या गाडीनं बीडला आलो.

लेख छापून आला. संपादकांना आवडला. चौकटीत मी सुशीला दिला, सीताफळं दिली, किल्ला दिला. फोटोग्राफरनं जाऊन वेस काढली. लाल बाटली छान आली होती.

पुढच्या हंगामात मी पुन्हा गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. बंकटच्या पाटीत ‘ट’ आला होता. मी एकटाच होतो आणि बशीही एकच आली.

“सवय सुटली वाटतं,” मी म्हणालो.

“दिवाळीपासून येत न्हाईत ते,” बंकट कढईकडं बघत म्हणाला. “घरीच जेवतेत म्हणे.”

किल्ल्याखाली वत्सलाबाईनं मला ओळखलं. तिनं न विचारताच सांगितलं, “आता दोन्ही घिऊन जातेत. बसत सुदिक न्हाईत.”

नीलाबाईंचं ऑपरेशन नीट झालं होतं. त्या दारात तांदूळ निवडत होत्या, बिनचष्म्याच्या. मला बघून हसल्या. त्या हसतात कशा ते मी पहिल्यांदाच पाहिलं. रुद्रेश खोक्यावर होता. मी आत डोकावलो. सात तसबिरी होत्या. आठवी नव्हती.

“तसबीर कुठं गेली?” मी विचारलं.

“माळ्यावर ठिवली,” त्या म्हणाल्या, आणि मला काही कळत नाही असं बघून, समजावत, “तसबीर गेलेल्या माणसाची लावतेत, भाऊ.”

मग त्या चहा टाकायला उठल्या. आतल्या खोलीकडं तोंड करून हळूच म्हणाल्या, “उठा. ते बीडचे भाऊ आलेत.”

आत बाज करकरली.

मी भिंतीकडं पाहत बसून राहिलो. चौथ्या आणि पाचव्या तसबिरीच्या मधला खिळा आता रिकामा नव्हता. त्यावर पांढरी टोपी लटकवलेली होती, आणि तिच्या आतल्या कडेला घामाचा डाग होता, अजून ओला.